थरथरणारे हात

केळीची उभी बाग दिसली की तो तरुण आजही आठवतो, आणि माझीच मला लाज वाटते.

असोद्याच्या शिवारात कोणीतरी कापणीला आलेली केळीची दोनशे झाडं आडवी केली होती. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा फौजदार. मालकाची फिर्याद घेतली, पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी खबर घेऊन आला. "साहेब, त्या येड्याले इचारा. तो शिवारात फिरत ऱ्हातो."

येडा म्हणजे आईबरोबर राहणारा तिशीचा एक तरुण. त्याला भर चौकातून जीपमध्ये घातलं. ठाण्यात तो क्षणभर बसेना. उठे, येरझाऱ्या घाली. हातही थरथरत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चोराच्या मनात चांदणं! निर्दोष माणसाचे पाय असे नाचत नाहीत." आणि त्याला बाकावर दाबून बसवलं. तासाभराने तो रडत म्हणाला, "मीच कापली साहेब. आता मले चालू द्या."

मी खूश. हवालदाराने त्याला चहा दिला. अर्धा कप शर्टावर सांडला. तेव्हा कुठे मला पंचनामा आठवला. प्रत्येक झाड एका घावात कापलेलं होतं. ते या हातांनी?

तेवढ्यात त्याची आई गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. ते घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनियाचं औषध आहे. त्याने भास थांबतात, पण हात थरथरतात, आतून बेचैनी होते, एका जागी बसवत नाही. यावर उपाय आहे, त्याला घेऊन या. फक्त गोळ्या मनाने बंद करू देऊ नका."

मग आसपासच्या गोठ्यांची झडती घेतली. झाडं कापलेला कोयता खबर देणाऱ्याच्याच गोठ्यात सापडला. बागेच्या मालकाशी त्याचं बांधावरून जुनं भांडण होतं. तरुणाला घरी सोडलं, डॉक्टरांचा निरोप आईला दिला. चौकात जाऊन चार माणसांसमोर त्याची माफी मागावी, हे मात्र मला सुचलं नाही.

दोन महिन्यांनी ती माउली पुन्हा ठाण्यात आली. मुलगा चार दिवसांपासून बेपत्ता होता. मिसिंगची नोंद मीच घेतली. ओळखीच्या खुणांपुढे लिहिलं, 'दोन्ही हात थरथरतात.'

"ते काढा साहेब," ती म्हणाली. "आता नही थरथरत. गोया सोडल्या त्यानं. म्हने, हात थरथरले का पोलीस नेतात."

तो सापडला नाही. घाबरलेला गुन्हेगार आणि औषधाने बेचैन झालेला रुग्ण वरून सारखेच दिसतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण विचारायलाही कोणी अडवलं नव्हतं. आता धुळ्यात निवृत्त आयुष्य जगतो. सकाळी चहाचा कप उचलताना माझेही हात जरा थरथरतात, आणि कोणी मला काही विचारत नाही.