जानूच्या यंत्राला नवा रंग

वलवणच्या जानूला कुणी विचारलं, की बाबा तू काय करतोस, तर तो छाती काढून सांगायचा, "हेरांची यंत्रं बनवतो." ऐकणारा चाट पडायचा. पण त्यात खोटं काही नव्हतं. शेजारच्या तुंगार्लीच्या बंगल्यांत सिनेमावाले यायचे, बंगल्याचा खलनायकाचा अड्डा व्हायचा, आणि अड्डा म्हटल्यावर यंत्र नको? ते जानू करून द्यायचा. मूळचा सुतार, त्यात वायरिंगचं वेड.

पहिलं यंत्र कपाटाएवढं. प्लायवूड, पत्रा, स्कूटरचा काटा, रेडिओची बटणं, टेपच्या दोन चकत्या आणि लाल-हिरव्या दिव्यांची रांग. आपोआप दिवे लावायची अक्कल त्या धुडाला कुठली? आत स्टूल टाकून जानूच बसायचा. बाहेर खलनायकानं बटण दाबलं की हा आतून खटके ओढायचा. जग बुडवणं आणि वाचवणं, दोन्ही जानूच्या हातात! उकाड्यानं जीव कासावीस व्हायचा, पण गडी खूश. सिनेमाचे सेट उभे करणाऱ्या आर्टवाल्या दादांनी त्याला एक गोष्ट पढवली होती, की कॅमेऱ्यासमोर काहीही न्यायचं तर आधी रंगाचा नवा हात मारायचा. जानूनं ते आयुष्यभर पाळलं.

मग हेर आळशी झाले म्हणा, की हुशार झाले म्हणा. कपाटाची ब्रीफकेस झाली. ब्रीफकेसचं मनगटी घड्याळ झालं, आणि घड्याळात जानू कसा मावणार? तरी पठ्ठ्यानं अस्तनीतून वायर काढून, सोफ्यामागं दडून ते लुकलुकवलंच. पुढं कॉम्प्युटर आले, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळायला लागली. मग मोबाइल. आणि आता तर हद्दच झाली! हेर नुसता हवेत हात फिरवतो अन् हवेतच नकाशा उभा राहतो. थोरल्या विक्कीनं फोनवर ते दाखवलं तेव्हा जानूनं फोन उलटसुलट करून बघितला. "ह्यात खटका कुटंय रं?" एवढंच त्यानं लेकाला विचारलं.

खटका नव्हताच. कित्येक वर्षं झाली, जानूला बोलवायला कुणी फिरकलं नाही. बंगल्यांतले पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करत तो म्हातारा झाला. ते पहिलं यंत्र तेवढं पडवीत उभं होतं, गंजलेलं, रंगाचे पोपडे सुटलेलं. सरूबाई, त्याची बायको, त्यात कांदे ठेवायची.

आणि यंदाच्या थंडीत एका सिनेमाची आर्टवाली मानसी शोधत शोधत दारात आली. एका म्हाताऱ्या हेराची गोष्ट होती, त्याच्या घरात पूर्वीचं यंत्र दाखवायचं होतं. पडवीतलं धूड बघून ती हरखलीच. तिनं चहूबाजूंनी फोटो काढले. "आबा, हेच पाहिजे! सोमवारी तुंगार्लीला घेऊन या. आणि आत तुम्हीच बसायचं हं!"

आत तुम्हीच बसायचं! जानूच्या डोळ्यांत पाणी आलं. एकदा, मरायच्या आधी फक्त एकदा, पुन्हा आत बसून खटके ओढायचे होते त्याला. दुसरं काही मागणं नव्हतं. त्यानं वस्तीभर सांगितलं, कांदे उपसले आणि कामाला लागला. गंज घासला, पोपडे खरवडले, चंदेरी ऑइलपेंटचे दोन हात दिले. जुने बल्ब काढून एलईडी बसवले.

"कशाला एवढा आटापिटा? तिनं हाय तसंच बगितलंय की," सरूबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? क्यामेऱ्यापुढं मळकं न्यायचं असतंय व्हय?" जानू खेकसला.

सोमवारी टेम्पोतून यंत्र उतरवलं आणि मानसीचा चेहराच पडला.

"आबा, अहो हे काय केलंत?"

"चकचकीत केलंय, ताई. लाइट बगा कसं मारतंय!"

"पण मला जुनंच हवं होतं हो. तो गंज, ते पोपडे... त्यासाठीच तर हे निवडलं होतं."

"आत्ताच्या आत्ता जुनं करतो," म्हणत जानूनं खाली वाकून लाल मातीची मूठ भरली आणि यंत्राला चोळायला लागला. रंग अजून ओलसर होता. मातीचे गोळे चिकटले, बोटं चंदेरी झाली, आणि यंत्राची पार दशा झाली. मानसीनं पुढं होऊन त्याचा हात धरला.

"राहू द्या, आबा. फोटो आहेत माझ्याकडे. त्यांच्यावरून कॉम्प्युटरवर करून घेतील. हल्ली हुबेहूब होतं."

"दिवं बी?"

"दिवे पण."

"मग आत कोन बसनार?"

पोरगी वाईट नव्हती. माणसानं शिव्या घालाव्यात असं तिथं कुणीच नव्हतं, आणि त्याचीच तर जास्त चीड येते! तिनं टेम्पोवाल्याला यंत्र जपून परत न्यायला सांगितलं.

दारात टेम्पो बघून सरूबाई लगबगीनं बाहेर आली. "काय म्हनली ती? रागं भरली का?"

"न्हाई गं. आबा आबाच करत हुती." जानू पायरीवर बसला आणि बोटांवरचा रंग लुगड्याच्या चिंधीनं पुसायला लागला. रंग निघत नव्हता. "मीच नगं झालोय, सरू. मी आत बसलो काय अन् मेलो काय, दिवं लागत्यात आता."