सिस्टरांचा बेचाळीस नंबरचा नवरा

सिस्टरांच्या दोरीवर कायम एक पुरुषी शर्ट वाळत असायचा, आणि तो घालणारा पुरुष या जगात नव्हता. मेला नव्हता हो, जन्मलाच नव्हता!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या, नवी माणसं, खोल्यांची भाडी चढलेली. एकट्या बाईला मात्र कुणी खोली देईना. सिस्टर दवाखान्यात नर्स, मूळच्या देगलूरच्या, लग्न न केलेल्या. त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातून बेचाळीस नंबरचा शर्ट आणला आणि घरमालकिणीला सांगितलं, "आमचे साहेब विष्णुपुरीच्या धरणावर असतात." हे गुपित फक्त मला ठाऊक. मी शेजारच्या खोलीत भावाकडे राहून टायपिंग शिकत होते.

"एवढा मोठा शर्ट कशाला?" मी विचारलं.

"खोटाच नवरा करायचा तर धिप्पाड करावा की!"

त्या वर्षी पाऊस फिरकला नाही. गल्लीत टँकर यायचा, प्यायलाही पुरायचा नाही. पण सिस्टर तांब्याभर पाणी राखून शर्ट भिजवायच्या आणि स्वतः नुसतं अंग पुसून ड्युटीवर जायच्या. कोरड्या शर्टाचा संशय येतो ना!

मालकीण विचारायची, "सिस्टर, साहेब कुठं दडून राहिले? आलेले दिसलेच न्हाईत."

"पहाटंच गेले. धरणावर सुट्टी कुठली?"

"एकदा टँकरपाशी उभे करा त्यांना. रांग तरी सरळ लागंल!"

मी भिंतीआड तोंडात ओढणी कोंबून हसायची.

शेवटी मालकिणीनं फर्मान काढलं: पंचमीला साहेबांना जेवायला आणा, न्हाईतर खोली सोडा. सिस्टरांनी ट्रंक भरली. शर्टाची घडी सगळ्यांत आधी आत गेली. दुसरी खोली, दुसरी दोरी, साहेब तेच.

पुढे मीही लग्न केलं नाही. नांदेडला माझा फ्लॅट आहे, दारावर माझं एकटीचं नाव, दोरीवर फक्त माझे कपडे. ऑफिसातल्या, लग्न नको म्हणणाऱ्या मुली घरी जमल्या की मी हा किस्सा रंगवते. मीच मालकीण होते, मीच टँकरही होते. मुली लोळून हसतात.

एकदा डोळ्यांच्या इलाजासाठी सिस्टर माझ्याकडे उतरल्या होत्या. मी त्यांच्यादेखतच प्रयोग लावला. त्याही हसल्या. मुली गेल्यावर कप विसळता विसळता म्हणाल्या, "लई चांगलं करतीस गं. माझी चाल तर हुबेहूब. पण त्यात माझं भेव कुठंच आलं न्हाई."

"भेव?"

"दारावर थाप पडली की मी आधी तो शर्ट खुंटीला लावायची, मग कडी काढायची. हात असे कापायचे बघ." आणि त्यांनी ओले हात पुढे करून दाखवले.

मी भिंतीपलीकडेच राहत होते. मला फक्त विनोद ऐकू आले होते.

पुढे सिस्टर वारल्या. किस्सा मी अजून सांगते, टाळ्याही घेते. फक्त त्या थापेशी येऊन अडते. मुली म्हणतात, "मॅडम, करून दाखवा ना!"

मी हात पुढे करते. ते काही केल्या कापत नाहीत.