सूचक, सौ. हर्षदा कोकरे

केडगावच्या टायपिंग क्लासात हर्षदा सगळ्यांत हळू टाइप करायची, आणि तिचं एकही अक्षर चुकायचं नाही. त्या बळावर ती खुटबावकडच्या एका पाणीसंस्थेत लेखनिक झाली, त्याला आता चौदा वर्षं झाली. सासरची माणसं दोन पिढ्यांमागे मेंढरं वळायची. त्यांची जमीन पाटाच्या पार शेपटाला. तिथवर पोचेपर्यंत पाण्याचा जीव गेलेला असतो. कुणाला कोणत्या दिवशी किती तास पाणी, हे पाळीपत्रक करणं हर्षदाकडे. तिनं ते अशा साध्या, फुकट फाइलीत ठेवलं होतं की कुणाच्याही मोबाइलवर उघडावं. कुणी, कधी, काय बदललं तेही त्यात दिसायचं.

तेच दिसणं नडलं. गेल्या उन्हाळ्यात शेपटाच्या बारा घरांची आठ तासांची पाळी सहावर आली. हर्षदाचे सासरे म्हस्कूआबा यांनी मोबाइल उघडला. बदल चेअरमनच्या केबिनमधून झालेला. आबा तडक तिथं जाऊन बसले.

"आप्पा, आमचं दोन तास तुमच्या उसाला लई गोड लागलं व्हय?"

तास परत मिळाले. आणि त्याच महिन्यात चेअरमन सर्जेरावआप्पांना आधुनिकतेचा उमाळा आला.

भीमेच्या दोन्ही काठांवरच्या, शिरूर आणि दौंडच्या बावीस पाणीसंस्थांची एक नमुना समिती निघाली. पाळीपत्रकं कोणत्या नमुन्यात ठेवायची, हे ती ठरवणार होती. नमुना आप्पांच्या पुतण्यानं, पृथ्वीराजनं, आधीच बनवला होता. तो फक्त त्याच्याच प्रोग्रॅममध्ये उघडायचा, प्रोग्रॅम फक्त चेअरमनच्या कॉम्प्युटरवर चालायचा, आणि केलेला बदल मागे खूण ठेवायचा नाही. याला ते सुरक्षितता म्हणत.

रीत म्हणून सभासदांकडून हरकती मागवल्या. ती नोटीसही पृथ्वीराजनं त्याच नव्या नमुन्यात पाठवली. कुणाच्याच मोबाइलवर ती उघडली नाही. एकही हरकत आली नाही, म्हणून समितीनं सर्वांचा पाठिंबा असल्याची नोंद केली. चौदा वर्षांत हर्षदानं बरीच लबाडी टाइप केली होती. पण इतकी आळशी लबाडी तिनं पाहिली नव्हती.

सभा शिरूरला, मार्केट यार्डाजवळच्या हॉलमध्ये. बावीस चेअरमन, बावीस लेखनिक, मागच्या खुर्च्यांवर काही सभासद, त्यांत आबाही. नमुना म्हणजे नक्की काय, हे बावीसांतल्या एकालाही सांगता आलं नसतं, पण तो ठरवायला बावीसही गाड्या काढून आले होते. पृथ्वीराज पडद्यावर चित्रं दाखवत होता आणि पुढच्या रांगेतले एकमेकांना लग्नांच्या तारखा विचारत होते. मटणाचा वास येत होता. आपल्याकडे सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून होतं. सभेत उरते ती सही आणि जेवण.

हर्षदापुढे सहीसाठी ते इतिवृत्त आलं. ठराव चौथा, नवा नमुना लागू करणे. सूचक, सौ. हर्षदा कोकरे.

तिला कुणी विचारलंही नव्हतं. उद्या शेपटाचं पाणी तोडलं, तर बारा घरांना दाखवायला कागद तयार होता: तुमच्याच सुनेनं मांडलंय की! ती रागावली नाही. ज्यांना खोट्या कामासाठीही स्वतःचं नाव वापरायचा धीर नाही, त्यांच्यावर रागवायचं तरी काय!

सभेचे अध्यक्ष सर्जेरावच. त्यांनी ठराव वाचला. "मंजूर?"

"मंजूर, मंजूर," हॉल एका सुरात म्हणाला.

हर्षदा उठली. "आप्पा, सूचक मीच ना?"

"व्हय ताई. तुमाला मान दिलाय."

"मग सूचक ठराव मागे घेतेय. लिहून घ्या."

पृथ्वीराज पुढे आला. "वहिनी, असं करता येत नाही."

"आणि मला न विचारता मी मांडलाय, असं करता येतं?"

मागून कुणीतरी खाकरलं. सर्जेराव हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "बरं, दुसरा सूचक घेऊ. उठा कुणीतरी."

"जरूर घ्या," हर्षदा म्हणाली. "ज्यानं मांडायचा त्यानं समजावूनही सांगायचा, एवढीच आपली पद्धत आहे."

बावीस माना खाली गेल्या. पायातल्या चपला इतकं लक्ष देऊन त्यांनी विकत घेतानाही पाहिल्या नसतील. शेवटी शिरूरकडचे एक चेअरमन अर्धवट उठले. "म्हंजी कसं, कॉम्प्युटर सुधारतुय…"

"कोणता?"

"समदेच."

हशा झाला. ते बसले.

"आप्पा, तुमीच सांगा की," मागून आबा म्हणाले. "पुतण्या तुमचा, ऊस तुमचा. ठरावच तेवढा दुसऱ्याचा कशापायी?"

अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही, असं आप्पा पुटपुटले. विषय तहकूब झाला. कायमचा नव्हे, तेवढी लाज त्या हॉलमध्ये नव्हती. पुढच्या सभेपर्यंत ते एखादा बोलका सूचक शोधतील, हे हर्षदाला ठाऊक होतं. तोवर जुनीच फाइल चालणार होती.

बावीसही जण जेवायला मात्र समजून-उमजून उठले. रिकाम्या होत गेलेल्या हॉलमध्ये बसून हर्षदानं पुढचं पाळीपत्रक सगळ्या सभासदांना पाठवलं. मागच्या खुर्चीवर आबांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि बोट सरकवत अगदी खालच्या ओळीवर आले: शेपटाकडची बारा घरं, गुरुवार, सकाळी सहा ते दुपारी दोन.

"आठ हायती," ते म्हणाले. "चल आता घरला. हितलं नको जेवाया."