खारे सरांचे जिवंत दगड

खारे सरांच्या टाकीत दगडावर दगड कधी चढला नाही. समुद्राच्या पाण्याची टाकी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल, तिच्यात लोक दगडांचे डोंगर रचतात, कमानी करतात, कपारी ठेवतात आणि मासे त्यातून ये-जा करतात. सरांच्या टाकीत मात्र आठवडी बाजारात वांगी मांडावीत तसे सगळे दगड तळाला सुटे सुटे. दर रविवारी कोपरापर्यंत हात घालून ते त्यांच्या जागा बदलायचे. बदलून बदलून करणार काय? इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. मी एकदा म्हटलं, "सर, एखादी तरी कमान करा की. नुसता बाजार मांडलाय." तर म्हणाले, "शेजारी शेजारी बसू द्या मॅडम. कुणी कुणाच्या डोक्यावर कशाला?"

सर आमचे भाडेकरू. लातुरात आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या, आणि ज्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायची तिथंच ते प्राणिशास्त्र शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं आडनाव खारे नव्हतंच मुळी. खाऱ्या पाण्याचे सर म्हणून पोरांनी ते पाडलं आणि पुढं क्लासच्या बोर्डावरही तेच चढलं. कंधार-मुदखेडकडून पोरं घेऊन आलेले पालक विचारायचे, "सर, तुम्ही पुण्याकडचे का?" सर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "न्हाई हो, इथलाच. नाव चुकलंय, चव बरोबर हाय." मी नांदेडची, माझी जीभ जरा जास्तच चालते. मी त्यांना मिठाचे सत्याग्रही म्हणायची. तेही हसून घ्यायचे.

वर्षानुवर्षं त्यांनी प्रवाळ शिकवलं ते फळ्यावर चित्र काढून. समुद्र पाहिला चाळिशी उलटल्यावर, मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या पोरांनी हट्टानं नेलं तेव्हा. परतले ते टाकीचं वेड घेऊनच. मग पार्सलनं मिठाच्या गोण्या येऊ लागल्या. गल्लीतल्या बायका पापडाला थोडं मागायला आल्या आणि त्या मिठाचा भाव ऐकून आल्या पावली परत गेल्या. पुढं ओल्या कागदात गुंडाळलेले दगड आले. सरांनी सांगितलं, हे जिवंत दगड आहेत. आमचे हे कपाळाला हात लावून म्हणाले, "दगड जिवंत? भाडेकरू बघून ठेवायला पाहिजे होता." पण सर समजावून सांगायचे. त्या दगडाच्या भोकाभोकांतून जंतू राहतात, बारके किडे राहतात, तेच माशांची घाण खातात आणि पाणी निवळ ठेवतात. तो दगड वाळला की मेला, आणि तो मेला की टाकी नासली.

दगड उचलताना मात्र त्यांचा हात फार जपून चालायचा. शिकवण्या घेताना हा माणूस टेबलावर डस्टर आपटणारा, आणि इथं पाण्यात बोटं अशी फिरवायचा की तळाची वाळूसुद्धा उडू नये. क्लासची पोरं टाकी बघायला यायची आणि एखादा आगाऊ पोरगा हात घालायला बघायचा. त्याला ते मनगट धरून थांबवायचे. "खाली कोण हाय ते बघ आधी. मग उचल." पोरं खिदळायची, कारण खाली फार तर एखादा शंखातला खेकडा असायचा. सर हसायचे नाहीत.

आणि त्यांचा दुसरा शब्द म्हणजे "लाज वाटते." ज्या उन्हाळ्यात लातुरात टँकरपुढं घागरींच्या रांगा लागल्या, त्या उन्हाळ्यात सरांनी खिडकीला जाड पडदा लावला, टाकीचा निळा उजेड रस्त्यावर दिसू नये म्हणून. स्वतः तांब्याभर पाण्यात अंग पुसायचे आणि वाचलेलं पाणी गाळून, शुद्ध करून टाकीत भरायचे. शर्ट दोन-दोन दिवस तोच. मी विचारलं, "सर, अहो, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुमचं हे काय चाललंय?" ते मान खाली घालून म्हणाले, "लाज वाटते हो मॅडम. लई लाज वाटते. पण आता हे जिते हायत, ह्यांना माझ्या हातानं कसं मारू?" मी तणतणत खाली आले. पण नंतर भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालताना त्यांचा तो चेहरा आठवत राहिला.

"लाज वाटते" म्हटलं की आपल्याकडे लोक त्याला विनय समजतात. पेपरात फोटो आला, सर म्हणाले लाज वाटते. पोरांनी पाय धरले, सर म्हणाले लाज वाटते. आम्ही सगळे म्हणायचो, काय साधा माणूस! मीही म्हणायची. शब्दाला शब्दाएवढाच अर्थ असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग एका वर्षी त्यांच्या गावाकडचा एक पालक आमच्या संचालकांना सांगून गेला की हे सर भूकंपात गाव कोसळलं तेव्हा गणपतीसाठी तिथंच होते आणि त्यांनी नुसत्या हातांनी ढिगारे उपसून गल्लीतली कितीतरी माणसं जिवंत काढली. झालं! संचालकांना अॅडमिशनच्या तोंडावर असलं काही मिळालं तर ते सोडतात होय? चौकात, गुणवंत पोरांच्या फोटोंशेजारी, सरांचा हा एवढा मोठा फलक लागला. भूकंपातला देवदूत. शाल, श्रीफळ, जाहीर सत्कार, आणि पाहुणी म्हणून गावाहून सरांच्या वहिनींना आणायला गाडी. सरांचे थोरले भाऊ भूकंपात गेले होते. वहिनींच्या पदरात तेव्हा तान्हं पोर होतं. त्या पोराला शिकवून सरांनी इंजिनिअर केलं, तो आता पुण्यात. एवढं आम्हाला माहीत होतं. वहिनी मात्र इतक्या वर्षांत सरांच्या घरी कधी आलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या.

सर तो फलक चुकवायला लांबच्या रस्त्यानं क्लासला जाऊ लागले. "मॅडम, तेवढं काढायला सांगा. लाज वाटते." मी म्हटलं, "सर, पुरे झालं तुमचं लाजणं. नव्या नवरीनं इतकं लाजू नये."

सत्काराच्या दिवशी त्यांना न्यायला मी वर गेले. जरीचं लुगडं, केसांत गजरा, हातात पर्स. सर बनियनवर टाकीपाशी उभे, हात पाण्यात. म्हटलं, "अहो, लोक बसलेत तिथं. अन् तुम्ही दगड काय हलवायलाव?"

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "मॅडम, मला न्हाई यायचं. मी दादाला मारलंय."

ते पाण्याकडे बघतच बोलत राहिले. घर दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद. उजाडलं तेव्हा सगळा ढीग झालेला आणि आतून दादाचा आवाज येत होता. बोलत होता, पाणी मागत होता. सर नुसत्या हातांनी उकरत होते. मध्ये एक मोठा धोंडा आडवा आला. त्यांनी तो खालून ओढला. "वरचं सगळं त्याच्यावरच तोललेलं होतं मॅडम. मी बघितलंच न्हाई. बसलं खाली. आवाज बंद झाला." मग त्या गल्लीत जिथं जिथं आवाज येत होता तिथं तिथं ते गेले, आणि हळू हळू, एकेक खडा बघून, माणसं काढली. "दादावर शिकलो, अन् दुसऱ्यांची काढली. त्याची शाल घेऊ? वहिनीसमोर? तिला वाटतं भिंतीनं मेला."

मला त्या गजऱ्याची लाज वाटली. चौकातल्या फलकाची, आमच्या सगळ्यांच्या कौतुकाची लाज वाटली. मी सरांना काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि दारात चपलांचा आवाज झाला. संचालकांची गाडी वहिनींना थेट घरीच घेऊन आली होती. डोक्यावर पदर, पांढरे झालेले केस, हातात शेंगांची पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

सरांनी टाकीतून हात काढला. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "वहिनी," ते म्हणाले, "खरं हाय. तो धोंडा मी ओढला. तुला कधी सांगायची हिंमत झाली न्हाई."

वहिनी इतक्या हळू बोलल्या की ऐकायला मला पुढं वाकावं लागलं. "मला ठाव हाय, भाऊजी. मी तिथंच हुते की. लेकराला काखेत घेऊन."

"तिथं?"

"तुमच्या मागंच. 'वडा भाऊजी, त्योच धोंडा वडा, त्योच' असं मीच वरडत हुते. तुम्ही दुसरा धरला हुता. माझं ऐकून सोडला अन् त्यो धरला."

"मला दादाशिवाय कुणाचाच आवाज याद न्हाई," सर म्हणाले.

"मला वाटायचं, तुम्हाला याद असंल." त्यांनी शेंगांची पिशवी खाली ठेवली. "वाटायचं, माझा आवाज ऐकला की तुम्हाला त्योच ऐकू येत असंल. लाज वाटायची. म्हणून तुमच्या दारात आले न्हाई. अन् कधी भेट झालीच, तर तुमच्याम्होरं मोठ्यानं बोलले न्हाई."

माझ्या पर्समधला फोन वाजत होता. संचालकच असणार. मी तो बंद केला.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शिकवण्याबद्दल विचारायला अजून माजी विद्यार्थी येतात, मी सांगतेही. पण मला सर आठवतात ते त्या दुपारचे. बनियनवर, बोटांतून खारं पाणी टपकतंय, आणि समोर ती पांढऱ्या केसांची बाई मान खाली घालून उभी. सर दोन पावलं पुढं गेले आणि म्हणाले, "बोल की मग आता. मोठ्यानं बोल, वहिनी."

वहिनी बोलल्या नाहीत. पण रडल्या मात्र अशा मोठ्यानं, की खाली आमचे हे पेपर टाकून जिना चढून वर आले.