काळ्या पडद्यावरचा डोंगर

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही: आमच्या घरचा कॉम्प्युटर मेव्हण्याने बिघडवला नव्हता, मी बिघडवला.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच शहरात, घमापुरात राहतो. त्याने आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टीम टाकून तो आमच्या बैठकीत आणून ठेवला. घरातले फोटो, आणि सासूबाई गेल्यावर उरलेलं त्यांचं फोनवर रेकॉर्ड झालेलं बोलणं, सगळं त्यात. ते रेकॉर्ड झालेला जुना फोन कधीच मेला होता, दुसरी प्रत कुठे नव्हती. बायको पोळ्या लाटता लाटता घरच्या वायफायवरून त्या मशीनमधलं ते बोलणं मोबाइलवर लावायची. "काहून वं, विसरली का आईले?" असं सासूबाई विचारायच्या आणि ही हसायची.

त्या मशीनला पडदा जोडला की काळ्यावर पांढरी अक्षरं. माउस हलवा, बाण नाही. चित्राची याला गरजच नाही भाऊजी, असं मेव्हण्याने सांगितलं होतं. पण मी सरकारी बाबू. फाइल सरकली नाही तरी चालेल, कव्हर नीटनेटकं पाहिजे. एका रविवारी बायको सदरच्या बाजारात गेलेली पाहून मी इंटरनेटवरच्या कुणा भल्या माणसाच्या कमांड जशाच्या तशा उतरवल्या. चित्र दाखवणारा सगळा सरंजाम आत गेला. मशीन पुन्हा सुरू केलं, तर होती ती अक्षरंही गायब. नुसता अंधार.

शहाणा माणूस इथे मेव्हण्याला फोन करतो. मी पेन ड्राइव्ह लावून नवं लिनक्स टाकायला घेतलं. जुनं सगळं पुसायचं का, असं त्या लिनक्सने पडद्यावर सभ्यपणे विचारलं. ऑफिसात सही करतो तसं, न वाचता, मी 'हो' केलं. थोड्या वेळाने पडद्यावर सुरेख डोंगर उगवला, आणि त्यावर माझा बाण ऐटीत हिंडायला लागला. सासूबाई तेवढ्या राहिल्या नव्हत्या.

बायको आल्यावर म्हणालो, तुझ्या भावाचं फुकटातलं सामान बंद पडलं एकदाचं, आतलं सगळं गेलं, मीच कसंबसं उभं केलं. तिने भावाला बोलावलं. त्याने दोन-चार अक्षरं टाइप केली, नवं लिनक्स आजच टाकलंय हे वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी त्या रीतीवर आरामात रेलून बसलो.

"माझंच काही चुकलं असन, ताई," तो म्हणाला.

"आईचं एवढं एक तुले सांभाळता नाही आलं," ती म्हणाली.

मी चहा मागितला.

भाऊबीजेला ती त्याला ओवाळते, पण त्याच्या हाती काही सोपवत नाही. तो आला की मी लिनक्सवरून त्याची फिरकी घेतो, आणि तो हसून घेतो.

त्याला समोर बसवून बायकोला खरं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.