चिंबोरीची चाल

उमेळ्यात आमच्या घराला ओटा आणि ओट्यासमोर बावखल होतं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं वाडीतलं तळं. दोहोंच्या मधून वाट काटकोनात वळून मागच्या वाडीकडे जायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिराने आपल्या वाट्याची ती मागची वाडी बिल्डरला विकली. बिल्डरला रस्त्यासाठी बावखल बुजवायचं होतं. सासरे नाही म्हणाले. आमची केळी त्याच पाण्यावर होती.

"बैलगाडी वळवायला बैल सोडावे लागायचे इथे," ते सगळ्यांना सांगत. "ट्रक काय वळनार?"

दीर विनवायला आला. "बाबा, थोडा कोपरा द्या ना."

"तुझी विकलीस ना? आता उडत जा तिकडे."

आमच्याकडे जागा बैलगाडीनेच मापत. मलाही ते पटलं होतं.

मग एका सकाळी ट्रकने विटा मोठ्या रस्त्यावरच उतरवल्या, आणि त्या उचलून एक पिवळं धूड आमच्या वाटेने आलं. फोर्कलिफ्ट मी लग्नाआधी कंपनीत पाहिली होती, पण ती गुळगुळीत फरशीवर चालणारी. "रुतेल चिखलात," मी म्हटलं. रुतली नाही. हिची चाकं ट्रॅक्टरसारखी होती, खाचखळग्यांसाठीच बनवलेली. ओट्यापाशी पुढची चाकं एका दिशेला वळली, मागची उलट दिशेला, आणि ती जवळजवळ जागच्या जागी फिरली. तरी मागचा भाग ओट्याला घासणार होता. ऑपरेटरने एक दांडा ओढला. आता चारही चाकं एकाच बाजूला वळली, आणि तोंड न फिरवता ती तिरकी सरकत ओटा आणि पाणी यांच्या मधून निघून गेली.

"अगो बाय, चिंबोरीच ही!" सासूबाई खो खो हसल्या. आमच्याकडे खेकड्याला चिंबोरी म्हणतात.

"वहिनी, ओट्यावरची तेवढी घागर उचला," ऑपरेटर वरून ओरडला. "बाकी काय हलवायची गरज नाय!"

सासरे तिच्या चाकांच्या खुणांकडे बघत म्हणाले, "हिला बैलच नायत. सोडनार कोन?"

चिंबोरी रोज येत राहिली. विटा, सिमेंट, सळ्या. त्या वजनाने बावखलाचा काठ ढासळू लागला. आम्ही भांडलो, बांबू रोवले, तक्रार केली. पावसाळ्यात वाटेचा एक तुकडाच पाण्यात गेला. मग बिल्डरचा माणूस काळजीचा चेहरा करून आला. "आजोबा, पोरंबाळं पडतील हो. आम्हीच बावखल बुजवून देतो."

सासऱ्यांनीच मान डोलावली.

टँकरच्या पाण्यावर केळी जगली नाहीत. आता तिथे ट्रक आरामात वळतो. दिराचा फ्लॅट मागच्या बिल्डिंगमध्येच आहे. आमच्या ओट्यापाशी गाडी वळवताना तो हॉर्न वाजवतो. कोपरा धोक्याचा आहे म्हणे.