अक्षर मोठं राहीना

प्लांटमध्ये मी आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब, पाण्याचा प्रवाह दाखवणारी मीटरं बिघडली की आम्हाला बोलावणं यायचं. तिथून एक मत मी घरी घेऊन आलो: यंत्र खोटं बोलत नाही, माणूसच त्याला भलतं काहीतरी विचारत असतो. निवृत्तीनंतरही माझं हे मत जागचं हललेलं नाही. बायको मात्र हे वाक्य सुरू झालं की उठून भाजी निवडायला जाते.

अशा माणसाला मेलच्या प्रोग्रॅममधलं अक्षर मोठं करता येईना, म्हणजे काय प्रसंग आला असेल बघा.

साखरेमुळे बायकोच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. डॉक्टरांनी पुढचं नुकसान थांबवलं, पण गेलेलं काही परत आलं नाही. पेपर सुटला, पोथी सुटली, मोबाइल नुसता बोलण्यापुरता उरला. संगणकावर अंगठ्याएवढं अक्षर असलं तर मात्र ती वाचायची, हळूहळू का होईना, पण स्वतःचं स्वतः. आणि वाचायचं होतं ते एकच. तिची मोठी बहीण तुमसरला एकटी राहते, शाळेतून निवृत्त झालेली. ताईला ऐकू येत नाही. फोनवर या दोघी बोलल्या की आमच्या अर्ध्या मरोदा वस्तीला कळायचं आणि ताईला तेवढं कळायचं नाही. पण मराठी टायपिंगवर ताईचा हात पक्का. म्हणून एकीला दिसेना आणि दुसरीला ऐकू येईना, अशा या दोघींचं सगळं बोलणं मेलवर चालायचं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून बायकोकडे तेवढंच उरलं होतं.

जुना संगणक बंद पडला आणि मी हौसेनं नवा आणला. त्यावर ताईची पत्रं मुंगीएवढ्या अक्षरांत दिसू लागली. मी म्हटलं, यात काय, हा माझ्या डाव्या हातचा मळ. सेटिंगमध्ये गेलो, अक्षराचा आकार चांगला दणदणीत केला, ओके दाबलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. मग प्लांटमधल्या सवयीनं स्वतःलाच एक टेस्ट मेल पाठवलं. अक्षर हे एवढं! मी बायकोला बोलावून दाखवलं आणि चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ताईचं पत्र आलं. पुन्हा मुंग्या.

पुन्हा सेटिंग, पुन्हा ओके, पुन्हा टेस्ट. टेस्ट मोठं. ताईचं पत्र लहान. मी उघडलं की सेटिंग टिकलेलं असायचं आणि तिनं उघडलं की उडालेलं. ती म्हणायची, तुमच्या धाकानं राहत असेल. मुलाला हैदराबादला फोन केला तर तो म्हणाला, अपडेट करा. केलं. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. शेवटी संगणक उचलून खुर्सीपारच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्यानं पाच मिनिटं माऊस फिरवला आणि म्हणाला, “फॉर्मॅट मार देते हैं भाईसाहब, सब नया हो जाएगा.” सगळं नवं होईल म्हणजे ताईची सगळी जुनी पत्रं जातील, हे तो बोलला नाही, मी विचारून घेतलं. संगणक तसाच परत आणला. माझ्या हाताखालून असली मीटरं गेली आहेत की त्यांना पाहून भले भले इंजिनियर रडले, आणि मी इथे एका अक्षरापुढे हात टेकू?

दोन बटणं एकदम दाबली की समोरचं पत्र तेवढ्यापुरतं मोठं व्हायचं, हे खरं. पण पुढचं उघडलं की पुन्हा लहान, आणि उत्तर लिहायला गेलं की आणखी लहान. त्यासाठी दर वेळी मला हाक मारावी लागायची. मग मी म्हणालो, एवढी कशाला दगदग, मीच वाचून दाखवतो.

मी पत्रं छान वाचायचो, अगदी आवाज काढून. शेजारच्या सुनेची तक्रार, गुडघ्याचं तेल, कोण कोणाच्या लग्नात रुसलं. एका पत्रात ताईनं विचारलं होतं, जावईबुवांचा हेका कमी झाला का? तेही मी खणखणीत वाचलं. बायको उत्तर सांगत होती, मी टाइप करत होतो, आणि तिचं सांगून झाल्यावर माझा हेका हा हेका नसून तत्त्व कसं आहे, याचा एक परिच्छेद मी माझ्यातर्फे जोडून दिला.

त्यानंतर ताईची पत्रं आखडली. येथील सर्व कुशल. पाऊस बरा आहे. तब्येतीस जपावे. प्लांटचं परिपत्रक तरी जास्त रसाळ असतं. मला वाटलं, ताईची तब्येत बरी नसेल. मी बायकोला विचारलं, उत्तरात काय लिहू? ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

“काई नका लिहू,” ती म्हणाली. “ताई आता मले नाही लिहून राहिली, तुमाले लिहून राहिली. मंग मी तरी कावून लिहू?”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागावर माझ्याकडे औषध असतं. तिनं ठरवून टाकलं होतं. डोळे गेले ते तिनं सोसलं होतं, आता बहीणही सोडून देत होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत. मला फार वाईट वाटलं.

दुपारी ती झोपल्यावर मी संगणकापुढे बसलो आणि ताईला स्वतः पत्र लिहायला घेतलं. आम्ही राहतो हिंदी मुलखात; ऑफिसात जन्म इंग्रजीत गेला, दुकानात हिंदीत. मराठी आम्ही घरात बोलतो, पण टाइप करायचं माझ्या वाट्याला जेमतेमच आलेलं, तेही बायकोचं उत्तर उतरवताना. एकेक कळ शोधत लिहिलं: ताई, तुम्ही पूर्वीसारखं लिहा, ती वाट पाहते. पाठवण्याआधी कसं दिसतं ते पाहावं म्हणून सवयीप्रमाणे आधी स्वतःलाच पाठवलं. उघडलं, तर मुंग्या.

सकाळी सवयीनं आणखी एक टेस्ट केलं होतं, ते वरचं मेल उघडलं. दणदणीत. खालचं हे पत्र उघडलं. मुंग्या. दोन्ही मीच पाठवलेली, एकाच संगणकावरची, एकाच दिवसाची. फरक एवढाच की टेस्ट इंग्रजीत होतं. माझी सगळीच टेस्टं इंग्रजीत होती, कारण प्लांटमध्ये कोणी मराठीत टेस्ट करतं का? आणि ताईनं जन्मात इंग्रजीत पत्र लिहिलं नव्हतं. सेटिंग एकदाही उडालं नव्हतं. ते इमानेइतबारे इंग्रजी अक्षर मोठं करून बसलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

फॉन्टच्या पानावर सगळ्यात वर एक छोटी चौकट होती. तिच्यात ‘लॅटिन’ असं लिहिलेलं. ती मी रोज पाहत होतो आणि शोभेची समजत होतो. दाबली तर लिप्यांची भलीमोठी यादी खाली उतरली, लॅटिन म्हणजे त्यातली इंग्रजीची लिपी, आणि प्रत्येक लिपीचा आकार वेगळा. त्यात देवनागरी सापडली, तिचा आकार वाढवला. इतर लिप्या असंही एक खातं होतं, तेही वाढवलं, उगीच कुठे फट नको. प्रोग्रॅम बंद केला, संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला. ताईचं पत्र उघडलं. ‘येथील सर्व कुशल’ एवढ्यानंच अर्धा पडदा भरला.

यंत्र खोटं बोलत नाही, हे माझं म्हणणं पुन्हा सिद्ध झालं, असं मी मोठ्यानं म्हणणार होतो. ऐकायला कोणी जागं नव्हतं.

मग ताईचं पत्र पुरं केलं. लिहिलं, अक्षर दुरुस्त झालं आहे, आता तुमची पत्रं हीच वाचेल आणि हीच उत्तर लिहील. मी खोलीत नसेन. माझ्याबद्दल लिहायचं असेल तेही मोकळेपणी लिहा. तत्त्वाचा परिच्छेद या वेळी जोडला नाही. पाठवून दिलं.

ताईचं उत्तर दोन दिवसांनी आलं. बायकोनं उघडलं तेव्हा मी मागेच उभा होतो, अक्षर राहतं का ते पाहायला. राहिलं. तिनं पान खाली सरकवलं, आणखी सरकवलं, पत्र संपेचना. ती परत वर गेली, खुर्ची पुढे ओढली आणि पदरानं चष्मा पुसला. मी विचारलं, दिसतंय ना नीट?

“दिसून राहिलं,” ती म्हणाली. “तुमी जा आता. अन् जाताना दार ओढून घ्या.”

मी दार ओढून घेतलं. ती मोठ्यानं वाचत होती, अक्षर अक्षर लावत, शाळेतल्या पोरीसारखी, मधेच थांबून हसत होती. दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं. एका वाक्यात जावईबुवा आले आणि मी कान टवकारले. मग ताईला काय लिहून दिलं होतं ते आठवलं, आणि मी चपला घालून अंगणात गेलो.